टूमीच्या मालकीचं पिंप

वेल्वेल मेल्निकने जन्मभर येशूच्या आणि मरियेच्या तसबिरी विकून पोट भरलं, आणि यात हसण्यासारखं काही आहे असं त्याला कधीच वाटलं नाही. लिथुआनियाहून बोटीने येऊन तो कॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याच्याआधी आलेल्या ज्यू मंडळींनी त्याच्या पाठीवर गाठोडं बांधलं, दोन इंग्रजी वाक्यं घोकून घेतली आणि त्याला रस्त्याला लावलं. गाठोड्यात सगळे ख्रिस्ती संत. आठवडाभर चिखल तुडवत शेतकरणींच्या दारोदार हिंडायचं, आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घर गाठून शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याच्या, मेणबत्त्यांपुढे बसायचं. पुढे पाठीवरचं गाठोडं उतरलं आणि आल्बर्ट रोडच्या कोपऱ्यावर फ्रेमांचं दुकान झालं. दुकान एवढंसं, पण वेल्वेलची ऐट मोठी, कारण त्याच्या जिन्याखाली एक पिंप होतं.

पिंप व्हिस्कीचं होतं. त्याची मुलगी एटी जन्मली त्याच आठवड्यात मॅक्रूमकडच्या एका पबवाल्याने धंदा गुंडाळला. त्याच्या आईच्या फोटोला वेल्वेलने जीव ओतून सोनेरी चौकट केली होती. त्या खुशीत पबवाल्याने हे छोटं पिंप त्याच्या गाडीत चढवलं. "मुलगी झाली ना तुला? मग तिच्या लग्नात उघड," म्हणाला. वेल्वेलने ते बोलणं शपथेसारखं धरलं. वीस वर्षं त्याने त्या पिंपाला हात लावला नाही. म्हणजे पुसायला रोज लावला, पण तोटी कधी फिरवली नाही. त्याच्या स्वतःच्या लग्नात पाहुण्यांची बोळवण चहा आणि खाऱ्या हेरिंग माशांवर झाली होती, आणि ती सल अजून गेली नव्हती. एटीच्या लग्नात अख्ख्या गल्लीला, ज्यू असो की कॅथलिक, आपल्या हाताने पेला भरून द्यायचा, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

आता एटीचं लग्न ठरलं होतं. मुलगा डब्लिनचा, लाझर ब्रोडी, अगदी गुणी. मुलाचे वडील हॅरिस ब्रोडी मात्र फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक होते आणि कॉर्कला 'तुमचं ते गाव' म्हणायचे. साखरपुड्याला आले तेव्हा त्यांनी वेल्वेलच्या खुर्च्यांकडे अशा नजरेने पाहिलं, की वेल्वेलला राहवलं नाही.

"वीस वर्षांची व्हिस्की आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "तुमच्या डब्लिनात शोधून सापडायची नाही."

"बघू की," ब्रोडी म्हणाले.

ते 'बघू की' तेव्हापासून वेल्वेलच्या घशात अडकून बसलं होतं. वल्हांडण सणानंतर कित्येक आठवडे ज्यूंची लग्नं लागत नाहीत. मध्ये एकच दिवस मोकळा असतो, आणि तोच धरला होता. म्हणजे आधी सण, मग लग्न, आणि मग हॅरिस ब्रोडींच्या हातात पेला. वेल्वेल झोपेतसुद्धा तो पेला भरत होता.

त्या पिंपातला पहिला पेला कोणाचा हेही ठरलेलं होतं. शेजारच्या नोरा टूमीचा.

नोरा टूमी म्हणजे काळ्या शालीतली, हाडापेराने मजबूत म्हातारी. शब्बाथला ज्यू घरात विस्तव पेटवत नाहीत, म्हणून तीस वर्षं दर शनिवारी सकाळी ती मेल्निकांच्या घरात शिरायची आणि चूल पेटवायची. आता तिला सरळ 'पेटवा' म्हणणंही धर्माला धरून नाही. म्हणून वेल्वेल खिडकीकडे पाहत म्हणायचा, "आज घरात जरा गारठा वाटतोय."

"हो का रे, विली?" नोरा कमरेवर हात ठेवून उभी राहायची. वेल्वेल हे नाव तिच्या जिभेला कधी पेललं नाही. "मला तर बाई घाम फुटलाय."

वेल्वेल खिडकीकडेच पाहत राहायचा. नोरा त्याला चांगला थरथरू द्यायची आणि मग हसत कोळसा रचायची. "बरं बाबा, मलाच थंडी वाजतेय असं धर. माझ्यासाठी पेटवते, झालं?" जाताना वेल्वेलची बायको ब्राखा तिच्या हातात मधाचा केक ठेवायची. ब्राखा आभारही मानायची. वेल्वेल मात्र कधीच नाही. त्याचा हिशोब असा, की आभार मानले म्हणजे विस्तव आपल्यासाठी पेटवला हे कबूल केल्यासारखं होईल. इतका काटेकोर विचार धर्मगुरूंनीही कधी केला नसता, पण वेल्वेलला कोणाला विचारायची सवय नव्हती.

"अख्ख्या गल्लीत मला थँक यू न म्हणणारा हाच एक मेला," नोरा सगळ्यांदेखत म्हणायची. "एटीच्या लग्नात त्या पिंपातला पहिला पेला मी घेणार, दुसरा याला पाजणार, आणि याच्या तोंडून वदवूनच घेणार!"

एवढं सगळं सुरळीत ठरलेलं असताना मध्ये आला तो नवा रबाय, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू.

वल्हांडणाच्या दिवसांत ज्यू माणसाच्या मालकीचं खमिराचं, आंबवलेल्या धान्याचं काहीही असता कामा नये. पाव नको, बिस्किटं नकोत, आणि व्हिस्की बार्लीची, म्हणून तीही नको. नुसतं कुलपात ठेवून भागत नाही, मालकीच नको. आणि सणात ज्यूच्या मालकीची राहिलेली अशी वस्तू सण संपल्यावरही कायमची बाद. वाडवडिलांनी यावर तोड काढलेली होती: सगळं एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विकायचं आणि सण झाला की परत विकत घ्यायचं. कॉर्कात हे गिऱ्हाईक दरसाल ठरलेलं, नोराचा मुलगा कॉन टूमी. हा धक्क्यावर कोळशाची जहाजं उतरवायचा. म्हातारे रबाय होते तोवर कॉन येऊन एक शिलिंग टेबलावर ठेवायचा, सगळ्या ज्यू घरांचं पीठ, शेवया, बिस्किटं विकत घ्यायचा, चहा प्यायचा आणि घरी जायचा. आपण काय विकत घेतलं हे बघायला तो कधी फिरकला नव्हता.

नवे रबाय गार्फिंकल मँचेस्टरहून आलेले, तरुण, लालसर दाढीचे, आणि फार फार गंभीर. सणाच्या आदल्या दिवशी सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत सगळी मंडळी जमली. कॉनने सवयीप्रमाणे शिलिंग ठेवला आणि चहाच्या किटलीकडे पाहिलं.

"थांबा, मिस्टर टूमी," रबाय म्हणाले. "हे नाटक आहे असं वाटतं का तुम्हाला?"

कॉनने इकडेतिकडे पाहिलं. "नाही, म्हणजे... थोडंसं."

"तेच! तेच मला नकोय! तुम्हीच जर हे खोटं समजलात तर ही विक्रीच झाली नाही, आणि इथल्या सगळ्यांचं सगळं बाद. आजपासून हा माल खरोखर तुमचा. केव्हाही या, दार उघडा, खा, विका, नदीत फेका. तुम्हाला कोणी अडवणार नाही."

"सगळंच माझं?"

"सगळं."

"मिसेस क्लावानस्कीच्या शेवया?"

"तुमच्या."

कॉनने मान वळवून वेल्वेलकडे पाहिलं. त्याचे डोळे मिश्किल हसत होते. "आणि विलीचं पिंप?"

खोलीत खसखस पिकली. रबाय हसले नाहीत. "व्हिस्कीसुद्धा. मिस्टर मेल्निक, जिन्याखालच्या खोलीची किल्ली द्या त्यांना."

वेल्वेलने किल्ली दिली. आजवर ती कोणाला दिली नव्हती, म्हातारे रबाय मागायचेच नाहीत. कॉनने ती खिशात टाकली, शीळ घातली आणि म्हणाला, "मला वाटलंच होतं, मी श्रीमंत माणसाच्या चेहऱ्याचा आहे."

सण सुरू झाला. पहिल्या रात्रीचं जेवण झालं, बेखमीर भाकऱ्या कुरकुरल्या, एटीने शेवटचं या घरातलं वल्हांडण म्हणून थोडं रडून घेतलं. आणि सणाच्या मधल्या दिवसांत एका सकाळी नोरा टूमी दाराशी दुधाची बाटली उचलायला वाकली ती परत सरळ झालीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ब्राखा धावत शेजारी गेली. एटी जिन्यावर बसून हमसाहमशी रडली, कारण आजी म्हणून तिला जी काय माहीत होती ती हीच. वेल्वेल दुकानात एकच चौकट पुन्हा पुन्हा पॉलिश करत राहिला. गेल्या शनिवारीसुद्धा तिने चूल पेटवली होती. तो खिडकीकडे पाहत गारठ्याबद्दल बोलला होता, आणि नंतर केक तिला ब्राखाने दिला होता.

दुपारी दुकानाची घंटा वाजली. दारात कॉन. मागे हातगाडी. त्याच्या हातात जिन्याखालच्या खोलीची किल्ली होती.

"विली," तो म्हणाला.

वेल्वेलला किल्ली दिसली आणि सगळं उमगलं. टूमींच्या चालीप्रमाणे मयताला घरी ठेवतात, गल्ली गोळा होते, आणि आलेल्याला पेला दिला नाही तर घराण्याची अब्रू जाते. आणि कोळशाचं एकही जहाज महिनाभर धक्क्याला लागलेलं नव्हतं.

"घरात चहाशिवाय काही नाही," कॉन म्हणाला. "तिला चहावर निरोप देऊ? तिला? तुझ्या त्या रबायने सांगितलं, खरोखर माझं म्हणून. तेव्हा मी हसलो होतो. आता इथे उभा आहे. ते कशासाठी ठेवलंस ते मला ठाऊक आहे, विली. आईला तर माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तू नको म्हण, मी गाडी वळवतो. मनात काही ठेवणार नाही."

वेल्वेलने तोंड उघडलं. नको म्हणावं, तर विक्री खोटी. ती खोटी ठरली की त्याचं पिंप बाद, मिसेस क्लावानस्कीच्या शेवया बाद, बेकरीवाल्या झुंडेलचं गोदामभर पीठ बाद. बरं, 'घे' म्हणावं, तर तेही चालेना. घे म्हणणारा मालक असतो. हॅरिस ब्रोडींचं 'बघू की' त्याच्या कानात वाजलं. मग नोराचं 'मला तर बाई घाम फुटलाय' वाजलं.

"मला काय विचारतोस?" तो शेवटी म्हणाला. जरा ओरडलाच. "तुझी वस्तू, तुझी किल्ली! माझा काय संबंध?"

 कॉन मान हलवून जिन्याखाली शिरला.

पिंप छोटं असलं तरी वजनाला कमी नव्हतं. कॉनने ते आडवं केलं आणि ढकलत बाहेर आणू लागला. वेल्वेल हात पाठीमागे बांधून उभा. सणात हात लावायचा नाही हे एक झालं, पण त्याने स्वतःला आणखी एक नियम घालून घेतला होता: ते फुटू नये असंही वाटून घ्यायचं नाही. परक्याच्या मालाची काळजी आपण का करावी? पिंप उंबऱ्याकडे निघालं. उंबऱ्यापलीकडे पायरी होती, आणि पायरीचा दगड एका बाजूने झिजलेला होता. वेल्वेलला तो दगड पाठ होता. त्याने ओठ आवळले.

"कॉन, पायरी!" वरच्या खिडकीतून ब्राखा किंचाळली.

पिंप कचकन थांबलं.

"तू गप्प बैस!" वेल्वेल वर ओरडला. "आपलं आहे का ते?"

"फुटलं असतं ना!"

"मग फुटू दे! मला काही वाटत नाही!" हे म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. कॉनने पिंप गाडीवर चढवलं, फडक्याने बांधलं, आणि गाडी खडखडत शेजारच्या दाराशी गेली. अंतर ते काय, पण वेल्वेलला गाडी लांबच्या गावाला निघाल्यासारखी वाटली.

ब्राखा खाली आली. "आता मला खरं सांग," ती म्हणाली. "हे तू धर्मासाठी केलंस की नोरासाठी?"

"मी काही केलंच नाही," वेल्वेल म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं. त्याचंच त्याला वाईट वाटत होतं.

संध्याकाळी तो शेजारी गेला. खोली माणसांनी भरली होती. काळ्या शाली, कोळशाने कायमच्या काळ्या झालेल्या नखांचे हमाल, आणि मधोमध नोरा, हातात जपमाळ गुंडाळून, गंभीर चेहऱ्याने. इतकी गंभीर ती कधीच नसे. तिच्या उशाशी भिंतीवर येशूची तसबीर होती, खाली लाल दिवा. वेल्वेलने ती चौकट ओळखली. कॉर्कात आल्यावर विकलेली ती त्याची पहिली तसबीर. नोराने तेव्हा त्याचं इंग्रजी ऐकून पोट धरधरून हसून ती घेतली होती.

त्याला बरोबर त्या तसबिरीखालच्या खुर्चीवर बसवलं. लगेच पुढे पेला आला.

"त्याला नको देऊ, त्यांचा सण आहे," कॉन म्हणाला.

"अरे, चमचाभर?"

"चमचाभरही नाही. सणात तो घरचंच खातो, त्याच्या खिशात उकडलेलं अंडं असेल बघ."

होतंच. वेल्वेलने ते सोललं आणि खाल्लं. त्याच्या अवतीभोवती वीस वर्षांची व्हिस्की पेल्यापेल्यांत फिरत होती आणि लोक बोलणं विसरत होते. जो घोट घेई तो आधी गप्प होई, मग पेल्यात डोकावे. नोराच्या बहिणीने, जी दारूला शिवत नसे, दुसऱ्यांदा पेला पुढे केला. हळूहळू जिभा सैल झाल्या, आणि नोराच्या गोष्टी निघाल्या. तिने मुकादमाला त्याच्याच फावड्याने कसं पळवून लावलं, पाद्रीबुवांच्या सायकलवर बसून ती नदीत कशी पडली. रडून रडून हसले आणि हसून हसून रडले. असा निरोप गल्लीने कोणाला दिला नव्हता.

वेल्वेलच्या शेजारी धक्क्यावरचा म्हातारा जेरी बसला होता. वेल्वेल त्याच्याकडे झुकला. "चव कशी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"तुला माहीत नाही? तुझ्याच घरात होतं ना?"

"कधी उघडलंच नाही."

जेरीने डोळे मिटले.  "हे बघ," तो म्हणाला, "हिवाळ्यात पहाटे उठावं, आणि कोणीतरी आधीच उठून चूल पेटवून गेलेलं असावं. तशी आहे."

वेल्वेलने अंड्याची टरफलं खिशात टाकली. नोराकडे पाहून काही बोलावं असं त्याला फार वाटलं. पण खोलीत माणसं होती, आणि तीस वर्षं न आलेला शब्द तोंडातून निघेना.

सण संपला. रबाय कॉनकडे जाऊन माल परत विकत घेऊन आले. शेवया मिसेस क्लावानस्कीला मिळाल्या, पीठ झुंडेलला. वेल्वेलला त्यांनी बाजूला घेतलं.

"बाकी सगळं विकलं. पिंप विकायला नकार दिला."

"नकार?"

"'ते विकायचं नाही', एवढंच म्हणाला." रबायच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आनंद दिसत होता. "मिस्टर मेल्निक, याचा अर्थ कळतोय ना? आपली विक्री खरी होती! अगदी खरी! माझ्या मँचेस्टरच्या गुरूंना मी हे कळवणार आहे."

वेल्वेलने त्यांच्या गुरूंना मनातल्या मनात जिथे पाठवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"जा ना, विचार कॉनला," ब्राखा रोज म्हणायची. "उरलं असेल थोडं."

"काय विचारू? तुझ्या आईच्या मयतात किती प्याले ते सांग म्हणून? संपलं असेल म्हणून विकत नाही बिचारा. रिकामं पिंप विकायची त्याला लाज वाटत असेल." असं तो ब्राखाला सांगायचा. आणि रात्री कुशी बदलताना त्याला वाटायचं, नसेल संपलं, तर एवढा तीस वर्षांचा शेजारी, आणि एवढीही माया नसावी? कॉन रस्त्यात भेटला की दोघं हवेबद्दल बोलायचे. हवा बरी होती.

शनिवारी चूल पेटवायला आता नोराची बहीण येई. ती काही न बोलता पेटवून जाई. वेल्वेलला गारठ्याबद्दल बोलायची संधीच मिळत नसे, आणि घर मात्र गार वाटे.

लग्नाचा दिवस उजाडला. सिनेगॉगमध्ये मंडपाखाली लाझरने रीतीप्रमाणे पायाखाली काच फोडली, सगळे ओरडले, बायकांनी डोळे पुसले, आणि मंडळी शेजारच्या सभागृहात जेवायला आली. थंड मासे होते, केक होता, लिंबाचं सरबत होतं आणि चहा होता. पुष्कळ चहा होता. वेल्वेल टेबलाच्या टोकाला नवा सूट घालून बसला होता आणि त्याला त्याचं स्वतःचं लग्न आठवत होतं.

हॅरिस ब्रोडींनी कपातला चहा ढवळला. बराच वेळ ढवळला. "मेल्निकसाहेब," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, "ती तुमची वीस वर्षांची व्हिस्की... ती चहात घातलीय का?"

डब्लिनची पाहुणेमंडळी हसली. एटीने मान खाली घातली. वेल्वेल उत्तर जुळवत होता, तेवढ्यात दार पायाने ढकलल्याचा आवाज झाला.

कॉन टूमी आत आला. अंगात आईच्या मयताला घातलेला काळा सूट, आणि खांद्यावर पिंप. मागून म्हातारा जेरी, नोराची बहीण, आणि गल्लीतले बरेच जण टोप्या हातात घेऊन. कॉनने पिंप टेबलावर ठेवलं, तेव्हा आतून डुचमळल्याचा आवाज आला. वेल्वेलने तो आवाज ऐकला. अर्धं तरी होतं.

"आहेर आणलाय," कॉन म्हणाला. "एटीसाठी. टूमींकडून."

"तू तर विकायला तयार नव्हतास," वेल्वेल कसंबसं म्हणाला.

"विकू कसा? विकलं असतं तर तू पूर्ण पिंपाचे पैसे देऊन अर्धं घेतलं असतंस आणि वर तोंडातून ब्र काढला नसतास. तुला ओळखत नाही का मी?" कॉनने मान खाजवली. "आणि आईला ज्याच्यावर निरोप दिला ते विकतात होय? ते असंच देतात. त्या दिवशी दुसऱ्या फेरीनंतर मीच तोटी बंद केली. जेरी अजून माझ्याशी बोलत नाही."

"बोलत नाहीच," जेरी म्हणाला.

हॅरिस ब्रोडी उठून जवळ आले. पिंपाच्या लाकडावरून त्यांनी बोट फिरवलं, लाकूड त्यांना कळत होतं. "म्हणजे हेच का ते? तुम्ही ज्याची एवढी ऐट मिरवत होतात? हे तर या गृहस्थांचं दिसतंय."

कॉनने तोंड उघडलं. तो आता खरं सांगणार होता, वीस वर्षं, जिन्याखालची खोली, सगळं, आणि ब्रोडींचा चेहरा बघण्यासारखा होणार होता. वेल्वेलने हात वर केला.

"यांचंच आहे," तो म्हणाला. "रीतसर विकत घेतलेलं. विचारा आमच्या रबायना."

"शंकाच नाही!" रबाय गार्फिंकल कोपऱ्यातून उत्साहाने म्हणाले.

कॉनने तोटी फिरवली. पहिला पेला भरून त्याने वेल्वेलपुढे धरला. वेल्वेलने तो घेतला, पण प्यायला नाही. त्याने शेजारची रिकामी खुर्ची ओढली, ब्राखाने मुद्दाम ठेवलेली, आणि पेला तिच्यापुढे टेबलावर ठेवला. मग दुसरा पेला घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. अशा वेळी 'आयुष्य लाभो' म्हणायची रीत आहे, आणि डब्लिनवाल्यांनी पेले वर उचललेही होते.

वेल्वेल खिडकीकडे पाहू लागला. सवयच ती. मग मान वळवून त्याने त्या खुर्चीकडे पाहिलं.

"मिसेस टूमी," तो म्हणाला, "तुम्हाला कधी थंडी वाजत नव्हती. थंडी मला वाजायची. चूल तुम्ही माझ्यासाठी पेटवायचात. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." त्याने हातातला पेला खुर्चीकडे उंचावला. "थँक यू. तीस वर्षांचं थँक यू, मिसेस टूमी."

एटी उठून बापाच्या गळ्यात पडली. कॉन बूट न्याहाळत उभा राहिला. मग वेल्वेलने आपल्या पिंपातला, म्हणजे टूमीच्या पिंपातला, पहिला घोट घेतला. जेरीने अगदी बरोबर सांगितलं होतं.